नववी विहीर

आमच्या कॉलेजच्या फाटकावर एका कार्यशाळेचा फलक आहे. वर पाहुण्यांचा फोटो, खाली प्राचार्यांचा, मधोमध होकायंत्राचं चित्र, आणि त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलंय, 'बहुविद्याशाखीय संशोधन : शोधू या आपली दिशा'. ती कार्यशाळा होऊन वर्ष उलटलं. अमरावतीच्या उन्हानं फलक पांढरा पडला, प्राचार्य बदलले, तरी तो कुणी काढलेला नाही. मी तिथं मराठी शिकवते, तासिका तत्त्वावर, म्हणजे विभागात एखादी खुर्ची रिकामी असली तर बसते, नसली तर खिडकीला टेकते. रोज त्या फलकाखालून आत जाताना माझं डोकं फिरतं. ते का फिरतं हे सांगायचं तर प्रणालीची गोष्ट सांगितली पाहिजे.

प्रणाली उमाळे तेव्हा बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला होती. मुख्य विषय रसायनशास्त्र. नव्या धोरणात दुसऱ्या शाखेचा एक विषय घ्यावाच लागतो, म्हणून मराठी.

"मॅडम, खोटं काहून बोलू," पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "मले वाटलं मराठीत अभ्यास कमी राह्यते."

मला ही मुलगी तिथंच आवडली. बाकीची मुलं मनात तेच ठेवून 'मला साहित्याची आवड आहे' म्हणतात.

तिचं घर अकोटच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. वडील जानराव भाजीपाला करतात. वांगी, मेथीच्या अन् सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, दिवाळीला झेंडू. तिथल्या विहिरींना गोडं पाणी. पण अकोट सोडून खाली पूर्णा नदीच्या दिशेनं निघालं की पाणी बदलत जातं. तो खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, तूर-हरभरा झकास, आणि जमिनीखालचं पाणी खारट अन् जड. त्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ शिजत नाही. कुकरच्या कितीही शिट्ट्या करा, दाणा दाताखाली येतोच. जिथून पोत्यांनी तूर बाजारात जाते तिथंच ती शिजत नाही, यावर हसावं की रडावं ते कळत नाही.

जानरावांची बहीण सुभद्रा त्याच पट्ट्यात दिलेली. प्रणाली लहानपणापासून आत्याकडं जाताना पाण्याची कॅन घेऊन जायची. त्याला 'डाळीचं पाणी' म्हणतात. गावात नळयोजना आहे, पण नळ आठ-दहा दिवसांनी येतो. ग्रामपंचायतीनं पाणी गोड करायचं यंत्र बसवलं, ते उद्घाटनाच्या हारासकट धूळ खात पडलंय. त्यामुळं घरोघरी अजून डाळीचं पाणी एका गुंडात, म्हणजे घागरीत, वेगळं झाकून ठेवलेलं असतं. पोरांनी त्याला हात लावला तर पाठीत धपाटा बसतो.

या पट्ट्यात आणखी एक रीत आहे. मुलीकडचे लोक घर पाहायला येणार असले की त्या दिवशी गावच्या पाण्यात वरण करायचं नाही. बाहेरून गोडं पाणी आणायचं. नाहीच मिळालं तर डाळीत चिमूटभर पापडखार टाकायचा, म्हणजे कसल्याही पाण्यात ती मऊ होते. कारण मुलीची आई ताटावर बसली की आधी वरण चाखते. डाळ कच्ची लागली की तिला कळतं, आपली लेक इथं जन्मभर पाणी वाहणार. सुभद्राचं लग्न ठरवायला जानराव स्वतः वडिलांबरोबर गेले होते आणि वरण दोनदा मागून जेवले होते. 'जानरावाले दाळीनं फसवलं' हा त्यांच्या घरातला तीस वर्षांचा जुना विनोद आहे. सणावाराला कुणीतरी तो काढतं, सगळे हसतात, सुभद्राही हसते.

प्रणालीला तो विनोद वाटत नव्हता. तिनं तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाला हाच विषय घेतला. पट्ट्यातली नऊ गावं, प्रत्येक गावातली एक विहीर. एकाच पोत्यातली तूरडाळ, एकच कुकर, आणि डाळ मऊ व्हायला किती शिट्ट्या लागतात ते पाहायचं. त्याच विहिरीचं पाणी बाटलीत भरून अमरावतीला आणायचं आणि प्रयोगशाळेत त्याचा जडपणा मोजायचा. शिवाय त्या गावात सुना येतात का, पाणी कोण भरतं, बायका त्या पाण्याला काय काय म्हणतात, हेही विचारायचं. हा शेवटचा भाग ती माझ्याकडं घेऊन आली, आणि अशी मी या भानगडीत पडले.

यात तिचं काय पणाला लागलं होतं तेही सांगते. आमच्या कॉलेजात चौथं वर्ष संशोधनाचं. ते करायचं तर आधीचा प्रकल्प एखाद्या विभागानं आपला म्हणून स्वीकारावा लागतो. नाही स्वीकारला तर तीन वर्षांची पदवी घ्यायची आणि घरी जायचं. प्रणालीला ते वर्ष हवंच होतं. जानराव एकदा भाजी उतरवून तिला भेटायला आले तेव्हा माझ्यासमोरच म्हणाले, "कॉलेज घेत असन तर शिक बापा. नाई घेतलं तर घरी ये, पोलीस भरती कर, नाई तर आनखी काही कर. पन मले एकदा सांग, तुह्यी गाडी कोन्या रस्त्यानं चालली." बापाचं यात काय चुकलं? फाटकावरच्या फलकावर तोच प्रश्न होता, फक्त भारी शब्दांत.

आणि फलक लावणाऱ्यांनी काय केलं ते ऐका. रसायनशास्त्राचे विभागप्रमुख देवीदास सर म्हणाले, पाण्याचं ठीक आहे, पण हा कुकर गृहविज्ञानात न्या. गृहविज्ञानाच्या बाई म्हणाल्या, विहिरी भूगोलाच्या. भूगोलाच्या सरांनी तिचा नकाशा कौतुकानं पाहिला आणि सोयरिकींच्या माहितीवर बोट ठेवून म्हणाले, हे तर समाजशास्त्र झालं. समाजशास्त्रवाले म्हणाले, यात रसायनाची समीकरणं आहेत, आमच्याकडं ती तपासणार कोण? अशी त्या पोरीची टोलवाटोलवी. माणसाच्या घरात डाळ, पाणी, सून आणि विहीर एकाच छपराखाली नांदतात. यांना त्यासाठी चार कपाटं लागतात आणि चार किल्ल्या चार जणांच्या कमरेला. वर प्रत्येकजण हसून म्हणायचा, "बघा हं, इथं तुमची डाळ शिजायची नाही." हा विनोद इतक्यांनी केला की पुढं पुढं मी तो करणाऱ्याकडं नुसती टक लावून बघायला लागले.

मी देवीदास सरांना विचारलं, "सर, फाटकावर आपण काय लिहिलंय?"

"मॅडम, ते तपासणी समितीसाठी आहे," ते म्हणाले. अगदी शांतपणे म्हणाले, लाजही वाटली नाही.

शेवटी त्यांनी प्रयोगशाळा वापरायची परवानगी दिली. करा काय करायचं ते, विभागात घ्यायचं की नाही ते मागाहून बघू. प्रणालीला तेवढं पुरे होतं. तो सगळा हिवाळा सुट्टीच्या दिवशी ती एस.टी.नं पट्ट्यात हिंडली. पिशवीत कुकर, डाळ आणि रिकाम्या बाटल्या. परतताना त्याच बाटल्या भरलेल्या. एका कंडक्टरनं तर विचारलंच, "काय बाई, गंगाजल वाटून राहिली का?"

आठ विहिरींचं गणित चोख जमलं. पाणी जितकं जड, तितक्या शिट्ट्या जास्त. आलेखावर ठिपके ओळीनं बसले. नववी विहीर आत्याच्या गावची. प्रयोगशाळेत तिचं पाणी सगळ्यांत जड निघालं आणि डाळ मात्र दोन शिट्ट्यांत मेण झालेली. तो ठिपका ओळ सोडून लांब एका कोपऱ्यात.

देवीदास सरांनी आलेख पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. "हे चांगलं झालंय. हे मी विभागात घेतो. तो सुनांचा भाग काढा आणि हा एक ठिपका काढून टाका."

"सर, पण ती विहीर आहे," प्रणाली म्हणाली.

"असू दे. काहीतरी चुकलं असेल. आठ विहिरी पुरतात."

प्रणाली माझ्याकडं आली तेव्हा तिला एक गोष्ट सारखी आठवत होती. त्या दिवशी डाळ कुकरमध्ये घातल्याबरोबर आत्यानं तिला शेजारून पाट आणायला धाडलं होतं. घरात पाट होता. आणि त्या डाळीला पापडाच्या पिठासारखी चव होती. ती म्हणाली, "मॅडम, मी परत जाते." म्हटलं, मीही येते.

सुभद्राबाईंनी आमचं चांगलं स्वागत केलं, चहा दिला, मला खुर्ची दिली. प्रणालीनं विहिरीचं पाणी स्वतः शेंदून आणलं, डाळ घातली आणि शेगडीसमोर मांडी घालून बसली. आत्यानं तिला दोनदा उठवायचा प्रयत्न केला. एकदा अंकुरला, म्हणजे स्वतःच्या मुलाला, हाक मारायला सांगितलं, एकदा अंगणातल्या शेळीला हाकलायला. प्रणाली हलली नाही. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत राहिला. उघडला तेव्हा पाणी वेगळं आणि डाळ वेगळी.

"आत्या, त्या दिवशी पापडखार टाकला होता का तू?"

"मी काहून टाकीन?" सुभद्राबाई म्हणाल्या. मग पदरानं ओटा पुसत म्हणाल्या, "टाकला. चिमटीभर टाकला. मंग?"

"काहून?"

"अंकुरसाठी पोरी पाहून राहिलो आमी. मोर्शीकडचं एक स्थळ आहे. तू लिहिशीन का या गावात दाळ शिजत नाई, ते तुह्या कॉलेजात लागन, पेपरात येईन. मंग कोन देईन पोरगी?"

"तुह्या सासूनं तुले असंच आनलं ना?"

"व्हय. म्हनून तर मले मालूम आहे. न फसवता इथं कोनी येत नाई."

प्रणालीचा आवाज चढला. "म्हंजे आता तू कोनाच्या तरी पोरीले तीस वर्षं पानी वाहाले लावशीन."

सुभद्राबाई गुडघा चोळत खाली बसल्या. मग एवढंच म्हणाल्या, "मले सून पाह्यजे, प्रणू. माह्ये गुडघे पाह्यले का तू?"

मला दोघींपैकी एकीवरही रागावता येईना. बाई पन्नाशीची, चालताना भिंत धरते, आणि तिला आपल्या सुटकेचा एकच मार्ग माहीत आहे, दुसऱ्या एखाद्या पोरीला अडकवायचं. तिला त्या जागी आणून बसवलं कुणी? दर निवडणुकीला नळाचं आश्वासन देणारे मोकळे, हार घालून यंत्र सुरू करणारे मोकळे, आणि लबाडीचा डाग चिमटीभर पापडखार टाकणाऱ्या बाईच्या हाताला. बसमध्ये मी हे सगळं मोठ्यानं बोलत होते. पुढच्या सीटवरचा माणूस वळून वळून बघत होता.

प्रणाली खिडकीबाहेर बघत होती. दर्यापूर गेल्यावर म्हणाली, "गावाचं नाव नाई लिहीत, मॅडम. आत्याचंही नाई. पण विहीर नाई काढत."

"चौथं वर्ष जाईल."

"जाऊ द्या."

प्रकल्प स्वीकारायचा की नाही हे ठरवणाऱ्या समितीपुढं ती प्रमाण मराठीत बोलली, अडखळली नाही. मराठी हा तिचा जोडविषय म्हणून मला दाराशी बसायला दिलं होतं. नवव्या विहिरीवर येऊन ती म्हणाली, "इथं डाळ शिजली, कारण घरातल्या बाईनं माझ्या नकळत पापडखार टाकला. तिला सून हवी आहे. खरं सांगितलं तर सून मिळत नाही, अशी तिची खात्री आहे. प्रयोगशाळेत पाण्याचा जडपणा मोजता येतो. पण ते पाणी माणसाला काय करायला लावतं, हे मला याच विहिरीवर कळलं. म्हणून मी ती काढली नाही."

समितीतले एकजण फस्सकन हसले. देवीदास सर म्हणाले, "प्रयोग दूषित झाला हे तुम्हीच सांगताय." समाजशास्त्राच्या सरांनी एका घरावरून निष्कर्ष काढता येत नाही असं सुनावलं. गृहविज्ञानाच्या बाई मोबाइल पाहत होत्या. मग शेरा आला, 'प्रकल्पाची दिशा निश्चित नाही. अस्वीकृत.'

मी उभी राहिले. मला राहवेना. "ती चारही दारांवर जाऊन आली," मी म्हटलं. "प्रत्येकानं तिला दुसरं दार दाखवलं. आणि दिशा हिची निश्चित नाही?"

देवीदास सरांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, तुमचा आता तास नाही का?"

तास नव्हता. पण कॉलेजचं वेळापत्रक तेच बघायचे, पुढच्या वर्षी मला तास द्यायचे की नाहीत हे त्यांच्याच हातात होतं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. मी बसले नाही, उभीच राहिले.

जूनमध्ये जानराव भाजीची गाडी घेऊन तिचं सामान न्यायला वसतिगृहावर आले. मला वाटलं आता पोरीला बोलणी बसणार. त्यांनी गादीची वळकटी गाडीत टाकली, दोरी आवळली आणि विचारलं, "थे एक विहीर काढली असती तं घेतलं असतं?"

"हो, बाबा."

"मंग काहून नाई काढली?"

"आत्या तिथंच राह्यते ना."

जानरावांनी बांधलेली गाठ सोडली, पुन्हा बांधली. दोरी ठीकच होती. नंतर कळलं, त्या दिवशी घरी जाताना त्यांनी गाडी आधी बहिणीच्या गावाला घातली. तिथं काय बोलणं झालं ते कुणालाच माहीत नाही. प्रणाली गाडीतच बसून होती.

पुढच्याच महिन्यात मोर्शीचे पाहुणे अंकुरचं घर पाहायला आले. मुलीची आई पार्बताबाई ताटावर बसली, वरण-भात कालवला, घास तोंडात घातला आणि थांबली. सुभद्राबाई समोर उभ्या होत्या. म्हणाल्या, "आमच्या विहिरीची आहे, बाई. रोज अशीच राह्यते. नळ येते त्या दिवशी बरी होते. म्हटलं, आधीच चाखा."

अंकुर ताटाकडं बघत म्हणाला, "पानी मी आनत जाईन. मोटारसायकल आहे." त्या घरात तीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा कुणा पुरुषानं उच्चारलं असेल. पाहुण्यांनी ताट रिकामं केलं, 'कळवतो' म्हणाले, आणि गेले. अजून कळवलेलं नाही.

पावसाळा सरता सरता देवीदास सर एका परिषदेत 'खारपाणपट्ट्यातील आठ विहिरी' या विषयावर बोलून आले. आलेख सरळ, टाळ्या भरपूर. शेवटच्या पानावर 'विद्यार्थ्यांचे सहकार्य' एवढे दोन शब्द. जिनं खरा प्रयोग मांडला तिचं कॉलेज सुटलं, जिनं खरं वरण वाढलं तिची सून गेली, आणि ज्यानं विहीरच पुसून टाकली त्याला शाल मिळाली. कॉलेजनं त्यांच्या अभिनंदनाचा नवा फलक केला. तो कुठं लावायचा यावर खल झाला आणि शेवटी जुन्याच्या शेजारी लावला.

प्रणालीनं मात्र परिषदेचं ऐकून फक्त विचारलं, "आठच सांगितल्या का?" तोवर ती अकोल्याला होती. तिथल्या एका कॉलेजात भूगोलाच्या रागिणी मॅडम आहेत. प्रणालीनं त्यांच्यापुढं सगळे कागद ठेवले, पापडखारासकट सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला रसायनातलं फारसं कळत नाही. तिथल्या माणसाला विचारू. पण ही नववी विहीर बघायला कधी जायचं?" एवढं एक वाक्य आमच्या चारांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. चौथ्या वर्षाच्या प्रवेशाच्या अगदी शेवटी तिथं तिचं नाव लागलं. आता तिला आणखी बरीच गावं करायची आहेत, आणि मूळ प्रश्न तोच, की पाण्याबद्दल माणसं कुणासमोर खरं बोलतात आणि कुणासमोर नाही. जानरावांना तिनं सांगितलं, गाडी याच रस्त्यानं चालली.

दहाव्या गावाला तिनं मलाही बोलावलं. तानुबाई नावाच्या एका म्हातारीच्या घरी कुकर मांडला होता. रागिणी मॅडम, प्रणाली, मी, आणि दारात, गुडघ्यांवर हात ठेवून, सुभद्राबाई. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. एस.टी.नं आपल्या आपण आल्या होत्या.

तानुबाई प्रणालीला लाडानं म्हणाली, "पोरी, शेजारून जरा पाट आनतं का?"

प्रणाली उठायच्या आत सुभद्राबाई भिंत धरत धरत चुलीपाशी गेल्या आणि तिथं बसल्या. म्हणाल्या, "पाट राहू द्या, मावशी. पापडखाराचा डबा द्या माह्यापाशी. मिठाच्या बरणीच्या मांगं असन थो, माह्या घरीही तिथंच राह्यते."

तानुबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, मग बरणी बाजूला केली आणि डबा काढून दिला. सुभद्राबाईंनी तो मांडीवर घेतला, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि प्रणालीला म्हणाल्या, "लाव कुकर."